आभासी बाजारातील खरे श्रमिक

गरीब देशांच्या विकासासाठी नवनवे तोडगे सुचविणाऱ्यांची जगात कधीच वाण नव्हती. कधी निर्यातक्षेत्रे, कधी सूक्ष्म कर्जे, कधी आणखी काही. गेल्या पंधरा वर्षांत या यादीत ‘आभासी अर्थव्यवस्था’ या नावाची भर पडली आहे. ऑनलाइन खेळांमध्ये लक्षावधी माणसे एकाच काल्पनिक जगात वावरतात. त्या जगात नाणी असतात, शस्त्रे असतात, जमिनी आणि जनावरे असतात, आणि ती मिळविण्यासाठी तासन्‌तास तेच ते काम करावे लागते. ज्यांच्याकडे पैसा आहे पण वेळ नाही, ते या वस्तू ज्यांच्याकडे वेळ आहे पण पैसा नाही त्यांच्याकडून खऱ्या पैशाने विकत घेतात. या देवघेवीतून मागास देशांत रोजगार आणि परकीय चलन येईल, असे प्रतिपादन केले जाते. खेळाशी कामगार चळवळीचा काय संबंध, असे म्हणून हा विषय बाजूला सारण्याचा मोह अनेक कार्यकर्त्यांना होईल. तो आवरला पाहिजे, कारण या खेळात राबणारी माणसे खरी आहेत.

जागतिक बँकेच्या ‘इन्फोडेव्ह’ या उपक्रमाने एप्रिल २०११ मध्ये या विषयावर एक अहवाल प्रसिद्ध केला. व्हिली लेहदोनविर्ता आणि मिर्को एर्न्कविस्ट हे त्याचे लेखक. खेळणाऱ्यांना नाणी आणि सेवा विकण्याच्या धंद्याची २००९ सालातील उलाढाल त्यांनी सुमारे ३ अब्ज डॉलर धरली आणि तिची तुलना कॉफीशी केली. जगातील कॉफीचा बाजार ७० अब्ज डॉलरचा. पण कॉफी पिकविणाऱ्या देशांच्या पदरात त्यातील जेमतेम साडेपाच अब्ज पडतात. उलट आभासी मालाच्या उलाढालीतील बराच मोठा भाग चीन, व्हिएतनाम अशा उत्पादक देशांतच राहतो, असे अहवालाचे म्हणणे. हा युक्तिवाद सहजासहजी उडवून लावण्यासारखा नाही. रौल प्रेबिश यांनी १९५० च्या सुमारास कच्चा माल विकणाऱ्या देशांच्या व्यापारातील लुटीचे जे विश्लेषण केले, त्यावर तिसऱ्या जगातील पुरोगामी विचारांची एक पिढी वाढली. त्याच पिढीच्या भाषेत जागतिक बँकेने बोलावे, यात गंमत असली तरी मुद्दा खोटा ठरत नाही. जहाज नाही, गोदाम नाही, दलालांची लांबलचक साखळी नाही, मग माल पिकविणाऱ्याला जास्त मिळायला हवे.

प्रत्यक्षात ते कोणाला मिळाले, हा खरा प्रश्न आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या रविवारच्या नियतकालिकाने जून २००७ मध्ये चीनमधील नानजिंग शहरातील अशा एका कारखान्याचे वर्णन छापले. कारखाना म्हणजे संगणकांनी भरलेली खोली. तेथील तरुण ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात बारा-बारा तासांच्या पाळीत काल्पनिक शत्रू मारून नाणी गोळा करीत. या धंद्याला इंग्रजीत ‘सोन्याची शेती’ असेच नाव पडले आहे. शंभर नाण्यांमागे कामगाराला सुमारे सव्वा डॉलर मिळे, म्हणजे तासाला जवळपास तीस सेंट. तीच नाणी मालक तीन डॉलर किंवा त्याहून थोड्या अधिक भावाने ऑनलाइन व्यापाऱ्याला देई, आणि अमेरिकेतील वा युरोपातील खेळाडू शेवटी त्यांच्यासाठी वीस डॉलरपर्यंत मोजी. वीसातले सव्वा! कॉफीच्या मळ्यातील मजुराचे प्रमाण याहून फार निराळे नसावे. फरक इतकाच की मधला नफा खाणाऱ्यांपैकी काहीजण आता त्याच देशाचे नागरिक होते. अहवालातील ‘देश’ या शब्दाच्या पोटात मालक आणि मजूर दोघेही बसविलेले असतात. देशाला मिळाले म्हणजे राबणाऱ्याला मिळाले, हे गृहीत समाजवाद्यांनी कधीच मान्य केलेले नाही.

असे मजूर किती होते, यावरही एकमत नाही. मँचेस्टर विद्यापीठातील रिचर्ड हीक्स यांनी २००८ मध्ये त्यांची संख्या सुमारे चार लाख आणि मासिक कमाई सरासरी १४५ डॉलर असल्याचा अंदाज केला. जागतिक बँकेचा आकडा लाखाच्या आसपासचा. जो मजूर कोणत्याही हजेरीपटावर नाही, त्याची मोजदाद अशीच व्हायची. मे २०११ मध्ये ‘गार्डियन’ने एका माजी कैद्याच्या हवाल्याने छापलेली हकीगत तर याहून विदारक आहे. चीनच्या हेलाँगजियांग प्रांतातील श्रमछावणीत दिवसा खडी फोडणाऱ्या कैद्यांना रात्री संगणकापुढे बसवून नाणी जमवायला लावीत आणि ठरलेली भरती झाली नाही तर मारहाण होई, असे त्याने सांगितले.

कायद्याच्या दृष्टीने या मजुराच्या मालकीचे काहीच नसते. खेळाची कंपनी आपल्या नियमावलीत लिहून ठेवते की नाणी, शस्त्रे, खाते, सारे काही कंपनीचेच. ‘सोन्याची शेती’ बहुतेक कंपन्यांनी निषिद्ध ठरविली आणि संशय आला की खाती बंद केली. महिन्याची कमाई एका रात्रीत नाहीशी होते आणि दाद मागण्याची जागा नसते. व्हेनेझुएलाचे चलन कोसळले तेव्हा तेथील अनेक तरुण ‘रूनस्केप’ या ब्रिटिश कंपनीच्या खेळात काल्पनिक ड्रॅगन मारून जे मिळेल ते विकू लागले. २०१७ मध्ये श्रीमंत देशांतील काही खेळाडूंनी या व्हेनेझुएलन लोकांना खेळात हेरून कसे मारावे, याचे मार्गदर्शनच इंटरनेटवर प्रसिद्ध केले. त्यांच्या लेखी तो खेळातला खेळ होता. समोरच्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटणार की नाही, हे त्यावर ठरत होते.

यानंतर एक कंपनी अशी आली की जिने कमाई निषिद्ध न मानता कमाईचेच आमिष पुढे केले. हो ची मिन्ह शहरातील ‘स्काय मॅव्हिस’ या कंपनीचा ‘अ‍ॅक्सी इन्फिनिटी’ हा खेळ २०२१ मध्ये फिलिपीन्समध्ये वणव्यासारखा पसरला. महासाथीमुळे २०२० साली त्या देशाचे राष्ट्रीय उत्पन्न सुमारे साडेनऊ टक्क्यांनी घसरले होते. जीपनी चालविणाऱ्यांची चाके थांबली होती, परदेशी नोकरीला असलेले घरी परतत होते. मनिलाच्या उत्तरेकडील काबानातुआन शहरात आणि पुढे देशभर लोक या खेळातील गुबगुबीत प्राण्यांच्या झुंजी लावून ‘एसएलपी’ नावाची टोकने मिळवू लागले आणि ती विकून तांदूळ आणि औषधे आणू लागले. या मिळकतीने कित्येक कुटुंबे टाळेबंदीत तगली, हे नाकारणे निर्दयपणाचे होईल.

पण या खेळात उतरण्यासाठी आधी तीन प्राणी विकत घ्यावे लागत, आणि तेजीच्या दिवसांत त्यांची किंमत हजार डॉलरच्या घरात गेली होती. ज्याची रिक्षा बंद पडली आहे तो ही रक्कम कोठून आणणार? म्हणून ज्यांच्याकडे भांडवल होते त्यांनी प्राणी घेऊन ते वाट्याने खेळायला दिले. प्राण्यांचा मालक तो ‘मॅनेजर’, खेळणारा तो ‘स्कॉलर’, आणि या व्यवहाराचे नाव ‘शिष्यवृत्ती’! नावाने फसण्याचे कारण नाही. जमीन एकाची, राबणारा दुसरा, आणि उत्पन्नातून तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत मालकाचा वाटा, याला मराठी शेतकरी बटाई म्हणतो. शेकडो कुळे बाळगणारे मालक लवकरच निर्माण झाले आणि कुळे एकत्रितपणे राबवून घेणाऱ्या संस्थाही उभ्या राहिल्या. कंपनी स्वतः प्रत्येक खरेदी-विक्रीवर सव्वाचार टक्के कापून घेत होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकन भांडवलदारांच्या पुढाकाराने तिच्यात १५ कोटी २० लाख डॉलर गुंतविले गेले आणि तिचे मूल्य ३ अब्ज डॉलरच्या आसपास धरण्यात आले. कंपनी व्हिएतनामची, म्हणजे आशियाई देशांचे परस्पर सहकार्यच की, असा भाबडा समज ज्यांचा झाला असेल, त्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण विकासाचा सारा दावा त्यावर उभा आहे. नानजिंगच्या मजुराची नाणी विकत घेणारा अमेरिकन खेळाडू स्वतःच्या करमणुकीवर खर्च करीत होता. शोषण असले तरी मालाला बाहेरून मागणी होती. एसएलपीचे तसे नव्हते. हे टोकन मुख्यतः नवे प्राणी पैदा करण्यासाठी लागे, आणि नवे प्राणी विकत घेणार कोण, तर खेळात नव्याने शिरणारे. म्हणजे आधी आलेल्यांची मजुरी मागून येणाऱ्यांच्या भांडवलातून भागत होती. नव्यांचा ओघ मंदावताच भाव कोसळणार हे उघड होते. मे २०२१ मध्ये तीस सेंटच्या वर गेलेले टोकन फेब्रुवारी २०२२ च्या आरंभी एका सेंटच्या आसपास आले. तेव्हा कंपनीने बाजारात येणारी टोकने कमी करण्यासाठी दैनंदिन कामगिरी आणि एकट्याने खेळण्याचा विभाग यांतून मिळणारी टोकने बंदच केली. अर्थशास्त्राच्या भाषेत हा चलनपुरवठ्यावरील उपाय होता. खेळून पोट भरणाऱ्याच्या दृष्टीने ती मजुरीतील कपात होती. ना नोटीस, ना वाटाघाटी, ना संप करण्याची सोय. कोणत्याही गिरणीमालकाला हेवा वाटावा अशी ही सत्ता आहे.

पुढच्याच महिन्यात या खेळाच्या ‘रोनिन’ जाळ्यावर दरोडा पडला आणि साठ कोटी डॉलरहून अधिक किमतीचे आभासी चलन लंपास झाले. अमेरिकेच्या एफबीआयने त्यासाठी उत्तर कोरियाच्या ‘लाझारस’ टोळीला जबाबदार धरले. कंपनीने नवे भांडवल उभारून भरपाईची व्यवस्था केली खरी. पण जूनअखेरपर्यंत, म्हणजे सुमारे तीन महिने, या जाळ्यातून पैसे बाहेर काढण्याचा मार्ग बंद राहिला. हातावर पोट असणाऱ्याला तीन महिने म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको.

या सगळ्यात फिलिपीन्सचे सरकार काय करीत होते? ऑगस्ट २०२१ मध्ये तेथील अर्थखात्याने सांगितले की या कमाईवर प्राप्तिकर लागू होतो. कमाई खरी आहे, हे सरकारला असे तत्परतेने उमगले. कमावणारा हा कामगार आहे, हे मात्र उमगले नाही.

मग या अर्थव्यवस्थेतून गरीब देशांचा विकास होणारच नाही काय? इतका सरसकट निष्कर्ष वस्तुस्थितीला धरून होणार नाही. खेळातील नाण्यांचा धंदा इतर खेळाडूंचा विरस करतो आणि त्याची सामाजिक उपयुक्तता संशयास्पद आहे, हे २०११ च्या अहवालानेही मान्य केले होते. त्याची खरी भिस्त संगणकावरील बारीकसारीक कामांवर, चित्रांना नावे देणे, मजकूर तपासणे अशा तुकड्या-तुकड्यांच्या कामांवर होती. ती कामे आज आफ्रिकेत आणि आशियात पोहोचली आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांना शिकविण्यासाठी किळसवाणा मजकूर वाचून वेगळा काढणाऱ्या नैरोबीतील कामगारांना तासाला दोन डॉलरहून कमी मिळत होते, असे ‘टाइम’ नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये उघड केले. पण तेथे पुढे जे घडले ते अधिक महत्त्वाचे आहे. १ मे २०२३ रोजी दीडशेहून अधिक कामगारांनी नैरोबीत जमून आपली संघटना उभारण्याचा ठराव केला. आणि परदेशी कंपनीवर केनियाच्या न्यायालयात खटला चालू शकतो, हा मुद्दाही तेथील कामगारांनी न्यायालयाकडून मान्य करून घेतला. विखुरलेल्या, पडद्यामागच्या कामगारांना संघटित करणे अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना तर हा प्रश्न अपरिचित वाटू नये. बाजारात पोती उचलणाऱ्या हमालाचा मालक कोण, हे कोणालाच सांगता येत नसे. सकाळी एका पेढीवर, दुपारी दुसऱ्या. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यावर तोड काढली. कामगार मंडळात नोंदला गेला, मालकांनी मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळात भरायची आणि मंडळाने मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, रजा यांची व्यवस्था पाहायची. राजस्थानने २०२३ मध्ये अ‍ॅपवर काम करणाऱ्यांसाठी केलेल्या कायद्यात प्रत्येक व्यवहारावर अधिभार आणि कल्याण मंडळ हेच सूत्र आहे. त्याची अंमलबजावणी हा वेगळा आणि फारसा अभिमानास्पद नसलेला विषय. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यावी, अशी तरतूद आहे. जी कंपनी प्रत्येक विक्रीतून सव्वाचार टक्के आपोआप कापून घेऊ शकते, तिला त्याच यंत्रणेतून कामगारांच्या निधीसाठी एक टक्का कापणे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे, असे कोणी सांगू नये. कारण दिल्याशिवाय आणि म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय खाते बंद न करणे, कमाईचे दर बदलण्यापूर्वी मुदतीची नोटीस देणे, आणि खेळाची साधने वाट्याने घेण्याऐवजी कामगारांच्या सहकारी संस्थांना ती घेता यावीत म्हणून कर्ज उपलब्ध करणे, या मागण्यांसाठीही नवे तत्त्वज्ञान लागत नाही.

अडचण आहे ती सरहद्दीची. खेळणारा एका देशात, कंपनी दुसऱ्या देशात, भांडवल तिसऱ्या. एका राज्याचा किंवा एका देशाचा कायदा तिथवर पोहोचत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या जून २०२५ च्या परिषदेत डिजिटल मंचांवरील कामगारांसाठी बंधनकारक आंतरराष्ट्रीय करार आणि त्याला जोडून शिफारस करण्याचे ठरले. अन्न पोहोचविणारे आणि मोटारी चालविणारे यांच्या संघटना तेथे आपले म्हणणे मांडू शकतात, कारण ते रस्त्यावर दिसतात. खेळातून पोट भरणाऱ्यांच्या वतीने बोलणारे मात्र कोणी नाही. ‘मंचावरील कामगार’ या शब्दांच्या व्याख्येत, खेळाच्या रूपाने दिलेले आणि टोकनाच्या रूपाने मोबदला मिळणारे कामही समाविष्ट करा, अशी मागणी येथील कामगार संघटनांनी आपल्या आंतरराष्ट्रीय महासंघांमार्फत आणि केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे लेखी करावयास हवी.