माल कुणाचा म्हणायचा?

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

आमच्या अर्थशास्त्र मंडळात यंदा एक वाद रंगला आणि अर्धाच राहिला. घंटा झाली, मंडळी चहाला पांगली. विषय होता डम्पिंगविरोधी शुल्काचा. सर म्हणाले, "पुढच्या दाराला कुलूप लावल्यावर चोर मागच्या दाराने आला, तर मागच्या दारालाही कुलूप घालावेच लागते." सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पण घरी जाऊन बाबांचे हात पाहिले आणि त्या डोलावण्याचा माझा मलाच राग आला. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

आमच्या पुस्तकात 'अवपुंजन' असे भारदस्त नाव धारण करणारी आणि बाजारात त्या नावाने कुणालाही ठाऊक नसलेली ही गोष्ट तशी साधी आहे. घरच्या बाजारात ज्या भावाने विकतो त्याहून कमी भावाने परदेशात माल ओतायचा, म्हणजे डम्पिंग. त्यामुळे तिथल्या उद्योगाचे नुकसान झाले असे ठरले, तर भावातल्या फरकाइतके जादा शुल्क लावण्याची मुभा १९४७ च्या 'गॅट' कराराच्या सहाव्या कलमाने दिली. कॅनडाने तर तसा कायदा १९०४ सालीच केला होता. इथवर तक्रार नाही. पण हे शुल्क नुसत्या वस्तूवर लागत नाही, ते अमुक देशाच्या वस्तूवर लागते. साहजिकच वस्तू आपला देश बदलू पाहते.

व्हिएतनामच्या पत्र्याची हकिगत या बाबतीत बोलकी आहे. चिनी पोलादी पत्र्यावर अमेरिकेने २०१५ पासून जबर शुल्क बसवण्यास सुरुवात केली. त्यानंतर व्हिएतनाममधून अमेरिकेत जाणारा थंड लाटलेला पत्रा वर्षाला ९० लाख डॉलरवरून २१ कोटी ५० लाख डॉलरवर गेला. गंज न चढणारा, म्हणजे बहुतांशी जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा २० लाखांवरून ८ कोटी डॉलरवर. चीनमध्ये गरम असताना लाटलेल्या पोलादाच्या गुंडाळ्या व्हिएतनामला यायच्या, तिथे त्या ॲसिडमधून काढून, पुन्हा लाटून पातळ करायच्या, त्यांवर जस्त चढवायचे आणि जहाज अमेरिकेकडे सोडायचे. मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने निर्णय दिला की हा माल चिनीच होय. थंड लाटलेल्या पत्र्यावर डम्पिंगचे आणि अनुदानाचे अशी दोन्ही शुल्के मिळून साडेचारशे टक्क्यांहून अधिक भार पडला.

आता, पळवाट नव्हतीच असे मी म्हणत नाही. ९० लाखांचे साडेएकवीस कोटी कुणाच्या पुण्याईने होत नाहीत. आपल्याकडेही हे घडले आहे. ६०० ते १२५० मिलिमीटर रुंदीच्या स्टेनलेस पत्र्यावर भारताने डिसेंबर २०१५ मध्ये शुल्क लावले, तर १२५० हून रुंद पत्रा येऊ लागला आणि इथे कापून विकला जाऊ लागला! २०१७ मध्ये ते शुल्क रुंद पत्र्यावरही बसवावे लागले. ते योग्यच झाले. पत्रा कापणे म्हणजे पत्रा बनवणे नव्हे, हे शेंबडे पोरही सांगेल.

माझा आक्षेप आहे तो मोजपट्टीला. अमेरिकेच्या १९३० च्या टॅरिफ कायद्यात १९८८ साली एक तरतूद घातली गेली. तिसऱ्या देशात झालेले काम 'किरकोळ वा नगण्य' आहे काय, हे तिच्यानुसार पाहायचे. गुंतवणूक किती, संशोधन किती, कारखाना केवढा, प्रक्रिया कशी आणि मालाच्या किमतीत तिचा वाटा किती, हे तपासायचे. वाचताना न्याय्य वाटते. पण व्हिएतनामच्या खटल्यात तुलना कशाशी झाली? खनिजापासून पोलाद गाळणाऱ्या अवाढव्य कारखान्याशी! झोतभट्टीच्या शेजारी उभे केले तर जगातले कुठले काम किरकोळ दिसणार नाही? पर्वताशेजारी वाडासुद्धा झोपडीच दिसतो.

आणि इथे बाबांचे हात येतात. आमचे वडील एका लहानशा कारखान्यात गॅल्व्हनायझिंगच्या कामावर आहेत. दुसऱ्यांचे खांब, अँगल, पाइप जॉब वर्कसाठी येतात. ते ॲसिडमध्ये बुडवून गंज काढायचा, धुवायचे, मग साडेचारशे अंशांच्या वितळलेल्या जस्तात सोडायचे आणि वर आलेली राख बाजूला सारायची. एक थेंब पाणी राहिले तर जस्त तडतडून अंगावर उडते. बाबांच्या मनगटापासून कोपरापर्यंत त्याच्या खुणा आहेत. व्हिएतनाममधले काम मोठ्या यंत्रावर अखंड चालते, हे मान्य. पण जात तीच. लोखंड त्यांचे नाही, खांबही त्यांचे नाहीत. पण जस्ताशिवाय तो खांब चार पावसाळ्यांत कुजला असता. या कामावर माझे शिक्षण चालले आहे. त्याला कायद्याच्या भाषेत 'किरकोळ' म्हटलेले वाचले की घशाशी काही तरी अडकते. हे भावनेचे झाले, असे सर म्हणतील. म्हणून पुढचे मुद्दे कोरडेपणाने मांडतो.

एक म्हणजे, वस्तू कोणत्या देशाची हे ठरवण्याची कसोटी निराळी आणि पळवाटीची कसोटी निराळी. इंडोनेशियात पूर्ण केलेल्या चिनी तेलविहिरीच्या नळांच्या दाव्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले, की एरव्ही वस्तू तिसऱ्या देशाची मानली गेली, तरी या कलमाखाली ती मूळ देशाच्या शुल्कात ओढता येते. म्हणजे एकाच पत्र्याच्या दोन जन्मपत्रिका! कुठली केव्हा बाहेर काढायची, ते विकत घेणाऱ्याने ठरवायचे.

शिवाय शुल्क बसते ते सगळ्या पत्र्याच्या किमतीवर. त्यात चिनी गुंडाळीची किंमत आहे, तशीच व्हिएतनामच्या कामगाराची मजुरी आहे, वीज आहे, जस्त आहे. डम्पिंग झाले असेल तर ते गुंडाळीचे झाले, दंड मजुरीलाही. चिनी गुंडाळी वापरली नाही असे प्रमाणपत्र देणाऱ्याला सूट होती, हे सांगायला हवे. पण डिसेंबर २०१९ मध्ये कोरिया आणि तैवानच्या गुंडाळ्यांपासून केलेल्या पत्र्यालाही हाच न्याय लागला. स्वतःची झोतभट्टी नसलेल्या कारखानदाराने मग गुंडाळी शोधत किती देश हिंडावे?

आणि कुलूपसुद्धा नेहमीच बंद नसते. चीनच्या सौर पट्ट्यांवरचे शुल्क कंबोडिया, मलेशिया, थायलंड आणि व्हिएतनाममधून चुकवले जाते, असा अमेरिकेचा अंतिम निर्णय ऑगस्ट २०२३ चा. पण अमेरिकेला स्वतःलाच पट्ट्या हव्या होत्या, म्हणून राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी जून २०२२ मध्येच या चार देशांच्या मालाला दोन वर्षांची माफी देऊन टाकली होती. चोर तोच, दार तेच. घरमालकाला दूध हवे होते म्हणून दोन वर्षे कडी काढलेली!

जगाने याचा एक नियम करायला हवा होता. टंकलेखन यंत्रांच्या काळापासून हा तंटा आहे. जपानी भाग तैवानमध्ये जोडून युरोपात आलेल्या 'ब्रदर' यंत्रांचा दावा १९८९ साली युरोपीय न्यायालयापर्यंत गेला होता. तरी १९९४ मध्ये माराकेश येथे जागतिक व्यापार संघटनेचे करार झाले, तेव्हा या एका मुद्द्यावर एकमत झाले नाही आणि तो समितीकडे सोपवला गेला. तेव्हापासून ज्याची त्याची मोजपट्टी ज्याच्या त्याच्या खिशात आहे. आपणही २०१२ मध्ये पळवाटविरोधी नियम करून आपली एक खिशात घातली.

माझे म्हणणे इतकेच, की तिसऱ्या देशात किती काम झाले म्हणजे माल त्याचा, हा आकडा आधी जाहीर असावा. तो त्या कामाच्या स्वतःच्या किमतीवर ठरावा, झोतभट्टीशी तुलना करून नव्हे. आणि शुल्क लागायचेच तर ते परक्या भागाच्या किमतीपुरते लागावे. हिशेब अवघड आहे, हे खरे. पण साडेचारशे टक्क्यांचा आकडा दशांश चिन्हानंतरच्या दोन घरांपर्यंत काढणाऱ्यांना तो जमू नये, हे पटत नाही.

मंडळात एक मित्र म्हणाला, "आपण कशाला व्हिएतनामचे वकीलपत्र घ्यावे?" जागतिक व्यापार संघटना स्थापन झाल्यापासून डम्पिंगविरोधी चौकश्या सर्वांत जास्त सुरू केल्या त्या भारताने, तेव्हा आपण कुलूप लावणाऱ्यांच्या बाजूचे, असा त्याचा हिशेब. त्याला मी एवढेच दाखवले, की जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सौर उत्पादकांनी डम्पिंगची आणि अनुदानाची नवी तक्रार गुदरली, ती इंडोनेशिया, लाओस आणि भारत या तीन देशांच्या मालाविरुद्ध. आपल्याकडच्या सौर कारखान्यांतही आयात केलेल्या पेशी जोडून पट्ट्या करण्याचे काम मोठे आहे. उद्या कुणी त्या कामालाही 'किरकोळ' म्हटले, तर त्या वेळी मागचे दार कुणाचे आणि कुलूप कुणाच्या हाती, हे मंडळाच्या पुढच्या बैठकीत मला सरांना विचारायचे आहे.