पोराला कॉलेजात घालायचे की कामाला लावायचे?



मृग नक्षत्र आणि दहावी-बारावीनंतरचे प्रवेश आपल्या घरी बरोबरच येतात. सरकीची पाकिटे आणि खताची पोती यांना पैसा लागतो, त्याच दिवसांत कॉलेजची फी, खोलीचे भाडे, मेसची आगाऊ रक्कम आणि दाखल्यांसाठी तहसीलच्या चकरा अंगावर येतात. घरातला पैसा तोच, मागणारे दोन. एक भागवले की दुसऱ्यासाठी सावकाराची पायरी. म्हणून सगळ्यांनीच कॉलेजात जावे की हाताचे काम शिकावे, हा आपल्यासाठी वक्तृत्व स्पर्धेचा विषय नाही. उत्तर चुकले तर दोन एकर जातात आणि पोराची पाच-सात वर्षे जातात. जमीन एखादे वेळी पुन्हा घेता येईल, वर्षे घेता येत नाहीत.

या बाबतीत आपल्याला दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. दोघांनाही तपासून घेतले पाहिजे.

पहिला सल्लागार शहरातला. तो म्हणतो, "सगळ्यांना पदव्या कशाला हव्यात? गावच्या पोरांनी वेल्डिंग शिकावे, प्लंबिंग शिकावे." बोलणे खोटे नाही. पण त्याचा स्वतःचा पोरगा कोणत्या आयटीआयमध्ये आहे, एवढे विचारून पाहा. जे औषध वैद्य आपल्या घरात वापरत नाही, ते दुसऱ्याला देताना तो फार विचार करीत नाही.

हे आजचे नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन दिले. रयतेच्या कष्टातून सरकारचा महसूल येतो आणि तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, रयतेच्या पोरांच्या प्राथमिक शाळा मात्र वाऱ्यावर, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. शाळेत शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे, असेही त्यांनी मागितले. पुढे १९३७ च्या ऑक्टोबरात आपल्याच कापूस मुलखात, वर्ध्याला, शिक्षण परिषद भरली. हाताच्या उद्योगातून शिक्षण द्यावे हा विचार गांधीजींनी मांडला आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्याची योजना आखली. विचारात दम होता. पण पुढे काय झाले? टकळी खेड्यातल्या शाळेत राहिली आणि साहेबाचा पोरगा इंग्रजी शाळेत गेला. राज्य करणारे ज्या शाळेत आपली पोरे घालीत नाहीत, ती शाळा सुधारण्याची घाई त्यांना कधीच नसते.

दुसरा सल्लागार आपल्यातलाच. तो म्हणतो, "काहीही कर, पण डिग्री घे." त्याचाही हिशेब पाहू.

२००० नंतरच्या दहा वर्षांत डी.एड. कॉलेजांचे पीक आले. मास्तरची नोकरी पक्की, म्हणून बापांनी डोनेशन भरले, कुणी बैलजोडी विकली, कुणी शेताचा तुकडा. २०१२ च्या सुमारास शिक्षक भरती जवळजवळ थांबली, २०१३ मध्ये वर टीईटी आली, आणि प्रमाणपत्र हातात असलेली पोरे-पोरी घरी बसली. ज्यांनी डोनेशन घेतले त्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. ज्यांनी दिले त्यांचे शेत गेले.

२०२३ साली राज्यात तलाठ्यांच्या ४,६४४ जागांची भरती निघाली. अर्ज आले दहा लाखांहून जास्त. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून अधिक उमेदवार. खुल्या वर्गाला फी होती १,००० रुपये, राखीव वर्गाला ९००. किती कोटी गोळा झाले ते ज्याचे त्याने मांडावे. उरलेल्या दोनशे जणांनी अभ्यास केला नव्हता असे नाही. जागाच नव्हत्या.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२४ साली भारतातील रोजगाराचा अहवाल दिला. त्यात २०२२ सालचा आकडा आहे. पदवीधर तरुणांमध्ये बेकारी २९.१ टक्के आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ३.४ टक्के. हा आकडा दाखवून कुणी म्हणेल, बघा, शिकल्याने माणूस बेकार होतो. तसा अर्थ काढू नका. ज्याला अक्षर येत नाही त्याला बेकार राहणे परवडतच नाही. सकाळी मिळेल त्या कामावर तो जातो, संध्याकाळी चूल पेटते. पदवीधर वाट पाहू शकतो, कारण त्याच्या वाट पाहण्याचा खर्च दुसरे कुणीतरी करीत असते. पोरगा शहरात अभ्यासिकेत बसतो, त्याच्या खुर्चीचे भाडे इकडे पऱ्हाटी भरते. एखादे वर्ष बोंडअळी येते, एखादे वर्ष पाऊस दडी मारतो, पण खुर्चीचे भाडे चुकत नाही.

मग सगळे दिसत असूनही आपण पोराला पदवीच्या मागे का धाडतो? आपण अडाणी आहोत म्हणून नाही. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी, असे आपले आजे म्हणत. आज क्रम उलटा झाला, तो आपण हौसेने केलेला नाही. कोरडवाहू कापूस आणि ज्वारीच्या हिशेबातून बाहेर पडायचा दरवाजा नोकरीशिवाय दुसरा दिसत नाही. त्यात लग्नाचा प्रश्न. शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळत नाही आणि मुलीचा बाप "नोकरीवाला पाहिजे" म्हणतो. त्या बापाला नावे ठेवू नका. तोही शेतकरीच आहे, आणि आपली बायको कशी राबते हे त्याने तीस वर्षे पाहिले आहे.

आणि कॉलेजने आपल्याला काही दिलेच नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. पापळसारख्या गावचे पंजाबराव देशमुख विलायतेत डॉक्टरेट करून आले आणि त्यांनी अमरावतीला शिक्षणसंस्था उभी केली, म्हणून वऱ्हाडातल्या कुणब्याच्या पोराला कॉलेज दिसले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज काढले. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या हाताचेच काम दिले आणि अक्षराला शिवू दिले नाही, त्यांना "तुम्ही कॉलेजात कशाला जाता, हुन्नर शिका" हे सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही. ज्या पोराची बुद्धी चालते, ज्या पोरीला शिकायचे आहे, तिच्यासाठी दार उघडेच राहिले पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच, की दारातून आत जाणे निराळे आणि दारासमोर रांगेत दहा वर्षे उभे राहणे निराळे.

आता हुन्नराकडे पाहू. सरकारी आयटीआयची योजना १९५० सालची. इलेक्ट्रिशियन आणि फिटर हे ट्रेड दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. "आयटीआयला गेला म्हणजे शिक्षण संपले" हा समज चुकीचा आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पास झालेल्या पोराला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते आणि तिथून पुढे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. हातात काम आणि पुढे वाट, दोन्ही. हे किती बापांना कुणी सांगितले आहे?

हाताच्या कामाला बुद्धी लागत नाही, असे ज्याला वाटते त्याने लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण पाहावे. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून त्यांनी कडबा कापायचे यंत्र केले, मग लोखंडी नांगर केला, आणि १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचे गिऱ्हाईक शेतकरी होता. शेतकऱ्याला काय नडते हे त्यांनी ओळखले आणि ते बनवले. आज आपल्या शिवारात काय नडते? जळालेली मोटार तालुक्याला न्यावी लागते. सोलर पंप बसवून कंपनीचा माणूस गेला की पुन्हा दिसत नाही. हंगामात ट्रॅक्टर बंद पडला तर चार दिवस मिस्त्रीची वाट पाहावी लागते. काम गावात पडून आहे, शिकलेला हात गावात नाही.

पण हुन्नर म्हणजे रामबाण उपाय, असेही आम्ही म्हणणार नाही. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. तिच्यात पिढ्यान्‌पिढ्या कसबी कामगार होते. मिल बंद पडली तेव्हा त्यांचे कसब कुणी विचारले नाही. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरणगावातही तेच झाले. शिवाय, गावातला लोहार-सुतार कुठे गेला? त्याचे कसब कमी पडले नाही. त्याला बलुते देणाऱ्या शेतकऱ्याच्या खळ्यात काही उरेनासे झाले. मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या पोराची उधारी कापूस विकल्यावर फिटते. कापसाला भाव नसेल तर त्याच्या वहीतली बाकी पुढच्या दिवाळीवर जाते. शेतीच्या भावाचा प्रश्न बाजूला ठेवून गावात हुन्नर पिकवू पाहणारे विहिरीला पाणी नसताना मोटार बसवताहेत.

सरकारचे कागद काय सांगतात? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात जुन्या पंचवार्षिक योजनेचा अंदाज दिला आहे. भारतात १९ ते २४ वयाच्या कामकऱ्यांपैकी रीतसर हुन्नर शिकलेले पाच टक्क्यांहूनही कमी, जर्मनीत ७५ टक्के, दक्षिण कोरियात ९६ टक्के. आकडे वाचून मान डोलावायची नाही. जर्मनीत पोरगा कारखान्यात शिकत असतानाच त्याला पगार मिळतो, आणि कसबी कारागिराला गावात मान असतो. आपल्याकडे मशीन एक, पोरे वीस आणि निदेशकाची जागा रिकामी, अशी आयटीआय असेल तर तिचे प्रमाणपत्र डी.एड.च्या प्रमाणपत्राचा धाकटा भाऊच ठरेल.

तेव्हा फॉर्म भरण्याआधी प्रत्येक घराने पाच प्रश्न विचारावेत. एक, सगळ्या वर्षांचा मिळून खर्च किती? फक्त फी नव्हे, खोली, मेस, एसटी, पुस्तके, सगळे. दोन, मागच्या तीन वर्षांत इथून बाहेर पडलेली पोरे आज काय करतात? संस्थेच्या पत्रकावर विसंबू नका, त्या पोरांच्या घरी जाऊन विचारा. तीन, आयटीआय असेल तर मशीन चालू आहे का, शिकवणारा हजर असतो का आणि संस्था मान्यताप्राप्त आहे का? चार, हे शिकून नोकरी लागली नाही तर पोराला दुसरे काय करता येईल? पाच, पोराला काय करावेसे वाटते? हा प्रश्न आपण शेवटी विचारतो, कित्येकदा विचारतच नाही.

स्पर्धा परीक्षेला बसायचे असेल तर जरूर बसू द्या, पण किती वर्षे, हे पहिल्या दिवशी बापलेकांनी समोरासमोर बसून ठरवा. मुदत संपली की माघारी येण्यात कमीपणा नाही. पदवीसाठी जमीन विकू नका. विकलेल्या जमिनीचे ओझे पोराच्या मानेवर बसते आणि मग नापास झालेला पोरगा घरी यायलाही धजत नाही. हे ओझे किती घरांना महाग पडले आहे, ते या सभेत बसलेल्यांना सांगायला नको.

पोरींची गोष्ट वेगळी सांगावी लागते. पैसा कमी पडला की पहिल्यांदा तिचे नाव कमी होते. हुन्नर म्हटले की तिला शिवणकामाच्या वर्गात बसवतात. घरच्या बोर्डाचा फ्यूज तीच बसवते, मग इलेक्ट्रिशियनचा ट्रेड तिला का जड जाईल? कॉलेज असो की आयटीआय, भावाला जे तेच तिला, हा नियम आपल्या घरापासून सुरू करावा.

जिल्ह्याच्या बैठकीत प्रत्येक तालुक्याने दोन गोष्टी लिहून आणाव्यात. तालुक्याच्या सरकारी आयटीआयमध्ये निदेशकांच्या किती जागा रिकाम्या आहेत आणि किती मशिने बंद आहेत. तसेच, प्रत्येक गावात कोणत्या कामाला बाहेरून माणूस आणावा लागतो. पहिली यादी घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ. दुसरी यादी घेऊन आपल्याच पोरांसमोर बसू. रिकाम्या जागा भरा, हत्यारांसाठी सोप्या अटींवर कर्ज द्या आणि जिथे शिकवायला माणूस नाही तिथे फी घेऊ नका, या तीन मागण्या भीक नाहीत. फुल्यांनी १८८२ साली जो हिशेब मागितला, त्याची बाकी अजून आपल्याकडे येणे आहे.