ॲव्हरेजचा फंडा

वीकेंडला माळशेजला भजी हाणायला जाता ना? मग वाटेत टोमॅटोचे पिकअप बघितलेच असतील. नारायणगाव, आळेफाटा, ओतूर आणि घाट उतरून थेट मुंबई! या मंडळींशी गप्पा मारा. सिनेमा नाही, क्रिकेट नाही, पहिला प्रश्न असतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ आणि का नसावा? जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर धरा. गाडी लिटरला बाराऐवजी तेरा धावली, तर फेरीमागे जवळपास दोन लिटर डिझेल वाचतं.

मंचरला एका ड्रायव्हरदादांनी मला विचारलं, “ताई, रिमॅप करून घेऊ का?” आजच्या डिझेल इंजिनात डिझेल कधी, किती फवारायचं ते ईसीयू नावाचा छोटा कॉम्प्युटर ठरवतो. रिमॅप म्हणजे त्याचं गणित बदलायचं. कमी आरपीएमला ताकद वाढली आणि ड्रायव्हरने वरचा गिअर लवकर टाकला, तर थोडा फायदा होतोही. पण वॉरंटीवर पाणी. त्यात काही जण ईजीआर बंद करून धुराचा फिल्टरच काढून टाकतात. 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत हे कायद्यात बसत नाही. धुराबाबत सॉफ्टवेअरची चलाखी 2015 मध्ये फोक्सवॅगनलाही महागात पडली होती.

खरी गंमत पुढे आहे. हेच दादा माळशेज उतरताना गाडी न्यूट्रल करतात, डिझेल वाचावं म्हणून! होतं उलटंच. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की ईसीयू डिझेल पूर्ण तोडतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहतं. शिवाय सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापले तर घाटात काय होईल, ते सांगायला नको.

मग वजन. वीस किलोचे शंभर क्रेट म्हणजे दोन टन, आणि गाडीची क्षमता दीड टनाच्या आसपास. हे ऐकून दादा हसले. “शेठ रिमॅपला पैसे देईल हो, पण क्रेट कमी नाही करायचा.”

वेगाचंही तसंच. साठवरून ऐंशीवर गेलात की हवेचा विरोध पावणेदोन पटीच्या पुढे जातो. टायरमधली हवा तर फुकटात तपासून होते, फक्त टायर थंड असताना बघा. आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. तुमच्या एसयूव्हीतही.