हातांस काम, जिवास विसावा



नोव्हेंबर सरत आला की सौंसर-पांढुर्ण्याकडील संत्र्याच्या बागांतून आंबिया बहाराची तोड चालू असते, आणि त्याच सुमारास ख्रिस्तसभेचा आगमनकाळही उजाडतो. अशा दिवसांत सायंकाळी आम्ही ओसरीवर बसलेले असतो. मांडीवर संत्र्याच्या मोडक्या टोपलीचा काठ, शेजारी सुताची गुंडी आणि पुढ्यात हिरव्या पानांचा लहानसा ढीग. येणारेजाणारे विचारतात, "फादर, हे काय मांडलं?" आम्ही सांगतो, "पर्णचक्र बांधतो आहोत." काही हसतात, काही थांबतात. जे थांबतात त्यांच्यासाठीच आजचा हा मजकूर आहे.

आगमनकाळी पर्णचक्रात चार मेणबत्त्या लावण्याची चाल बहुतेक कुटुंबांस ठाऊक आहे. तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. ही गुलाबी मेणबत्ती तिसऱ्या, म्हणजे आनंदाच्या रविवारी पेटते. या चालीचा उगम मात्र थोड्यांस ठाऊक असेल. जर्मनीतील हाम्बुर्ग शहरी योहान विखर्न नावाचे एक प्रोटेस्टंट धर्मोपदेशक निराधार मुलांसाठी आश्रम चालवीत. नाताळ कधी येणार, असे मुले त्यांस रोज विचारीत, असे सांगतात. तेव्हा 1839 साली त्यांनी गाडीच्या एका चाकावर रविवारांसाठी मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांसाठी लहान तांबड्या मेणबत्त्या बसविल्या, व रोज एकेक पेटविली. हिरवी डहाळी त्यावर पुढे आली, आणि विसाव्या शतकात ही चाल आपल्या कॅथलिक घरांतही रुजली. अधीर मुलांस वाट पाहावयास शिकवावे, एवढाच त्या चाकाचा मूळ हेतू होता. अधीर थोरांसही ते शिकवते, हे आम्हांस फार उशिरा कळले.

ते कसे कळले, हे सांगताना आम्हांस संकोच वाटतो; पण सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडील एका वृद्ध विधवेचा कर्ता मुलगा वारला. दफनाच्या दिवशी दुसऱ्या गावी आमची मिस्सा ठरलेली होती. आम्ही प्रार्थना भरभर उरकल्या, बाजारातून आणविलेले प्लास्टिकच्या फुलांचे चक्र कबरीवर ठेवले, आणि माती पुरती सारखी होण्यापूर्वीच घड्याळाकडे पाहिले. विधीत एक शब्दही गाळला नव्हता; तरी काहीतरी गाळले गेलेच होते. चार दिवसांनी कबरस्थानात गेलो, तो प्लास्टिकचे चक्र बाजूस ठेवलेले आणि त्या जागी आंब्याच्या पानांचे घट्ट विणीचे चक्र दिसले.

पुढे 2 नोव्हेंबरच्या, सर्व मृतांच्या स्मरणदिनाच्या तयारीत, ती आजी अशीच चक्रे बांधीत बसलेली आढळली. एक मुलासाठी होते. बाकीची, ज्यांचे मागे कोणी उरले नाही, त्यांच्या कबरींसाठी. त्या काळी आम्हांस झोप येईनाशी झाली होती. हिशेब, छपराची डागडुजी, आजाऱ्यांकडे फेऱ्या, यांनी डोके भणभणत असे. सहज तिच्याजवळ बसलो आणि एक जुडी हाती घेतली. पहिलेच पान फाटले, दुसरेही फाटले. आजी म्हणाली, "ओढू नका जी, फादर. दोरा ओढला का पान फाटते."

तिसऱ्या सायंकाळी आम्ही धीर करून त्या दफनाचा विषय काढला आणि क्षमा मागितली. तिने मान वर केली नाही. "तुमी घाईत होते, मले दिसलं होतं," एवढेच ती म्हणाली, आणि पुढली जुडी आमच्या हातावर ठेवली. तेव्हापासून हा छंद आम्हांस जडला तो जडलाच.

कृती अगदी सोपी आहे. मोडक्या टोपलीचा काठ सोडवून घ्यावा, अथवा बांबूची कामटी वाकवून कडे करावे. तीन-चार पाने देठाशी धरून जुडी करावी, ती कड्यावर ठेवून दोऱ्याचे दोन वेढे द्यावे. पुढची जुडी अशी ठेवावी की मागचीचे देठ तिच्या पानांखाली झाकले जातील. दोरा मध्ये तोडू नये. शेवटच्या जुडीचे देठ पहिलीच्या पानांखाली सारले, की आरंभ कोठे आणि अंत कोठे, हे बांधणाऱ्यासही सापडत नाही. आंब्याचे पान जाड व टिकाऊ. मोरपंखी दीर्घकाळ हिरवी राहते. संत्र्याच्या डहाळीस सुगंध आहे, पण काटाही आहे आणि पान लवकर वळते. मेणबत्त्या मातीच्या पणत्यांत उभ्या कराव्या, पानांवर रोज पाणी शिंपडावे, आणि पेटती ज्योत राखणीवाचून सोडू नये. सुकलेले पान क्षणात पेट घेते.

हात रिकामा राहत नाही, हे आमच्या पांढुर्ण्याइतके कोणास ठाऊक असणार? पोळ्याच्या दिवशी हेच हात आंब्याच्या पानांचे तोरण बांधतात, बैलांच्या गळ्यात माळा घालतात. पोळा फुटतो, आणि दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार होते; तेव्हा त्याच हातांत दगड असतात आणि जखमी माणसे दवाखान्यात न्यावी लागतात. शेजाऱ्यांच्या जुन्या परंपरेचा न्यायनिवाडा करण्यास आम्ही बसलेलो नाही. आमच्याही हातून जिभेचे दगड कमी सुटलेले नाहीत. इतकेच म्हणतो की, तोरण बांधणारा हात आणि दगड उचलणारा हात हे दोन नसून एकच आहेत, आणि त्यास कोणते काम द्यावे, हे बरेचसे आपल्या स्वाधीन आहे.

या छंदाने सर्व दुःखे दूर होतात, असे आम्ही म्हणणार नाही. झोप कायमची उडाली असेल, मन खचले असेल, तर डॉक्टरांकडे जावे. त्यात लाज कसली? पण रोजच्या तगमगीवर हे औषध गुणकारी आहे खरे. पान घाई सोसत नाही, म्हणून बोटे मंदावतात; बोटे मंदावली की श्वास मंदावतो; आणि मग शेजारी बसलेल्या माणसाचे बोलणे ऐकू येऊ लागते. शिवाय हे चक्र साठवून ठेवता येत नाही. थोड्याच दिवसांत ते सुकणार. तेव्हा ते हिरवे असतानाच कोणास तरी देऊन टाकावे लागते. त्यातला आनंद बहुधा येथेच आहे.

तेव्हा कुटुंबियांनो, यंदा आगमनकाळाच्या पहिल्या रविवारापूर्वी एक सायंकाळ राखून ठेवा. मुलांस पाने निवडू द्या, आजीस जुड्या बांधू द्या, आणि घरातील सर्वांत घाईच्या माणसाच्या हाती दोरा द्या. दोन चक्रे बांधा: एक आपल्या घरी ठेवा, दुसरे, ज्यांच्याकडे कोणी जात नाही त्यांच्या दारी नेऊन द्या. आणि देऊन झाल्यावर लगेच उठू नका. थोडा वेळ बसा.