‘लिंक नाही’ची कटकट घरात कशाला?



रविवारच्या पुरवणीतला जिओच्या ‘जिओपीसी’ या सेवेवरचा लेख वाचला. घरात संगणक ठेवायचाच नाही. टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सला कीबोर्ड-माउस लावायचा, खरा संगणक कंपनीच्या सर्व्हरवर, आणि आपण महिन्याला ५९९ रुपये भरायचे. या ५९९चे लेखकमहाशयांना इतके कौतुक की साधा गुणाकार करायचे राहून गेले.

पाच वर्षांचे ३५,९४० रुपये होतात. कर वेगळा, ब्रॉडबँडचे बिल वेगळे. वर्षाचा प्लॅन घेतला (४,५९९ रुपये, वर तीन महिने फुकट) तरी पाच वर्षांत चार वेळा भरणा, म्हणजे १८,३९६. मुंबईत लॅमिंग्टन रोडला पंधरा-अठरा हजारांत वापरलेला पण धडधाकट लॅपटॉप मिळतो. तो पाच वर्षांनीही आपलाच असतो, भाच्याला देता येतो, अगदीच झाले तर भंगारात घालता येतो. भाड्याच्या संगणकातून हाती उरतात त्या पावत्या.

एकरकमी पैसे नसलेल्या घरांचा मुद्दा मी उडवून लावत नाही. पण ज्या घरातून पंधरा हजार एकदम निघत नाहीत, त्याच घरातून एखाद्या महिन्यात ५९९ही निघत नाहीत. त्या महिन्यात मुलीच्या प्रोजेक्टच्या फायली कोणाच्या ताब्यात? लेखात याचे उत्तर नाही.

आता खरे दुखणे. टर्मिनल समोर आणि संगणक दूर, ही व्यवस्था काही नवी नाही. रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर ती वर्षानुवर्षे चालते, बँकेच्या शाखेतही मुख्य यंत्रणा लांबच असते. तिथे जोडणीवर लक्ष ठेवायला माणसे असतात, बॅटऱ्या असतात, जनरेटर असतो. एवढे असूनही पेन्शनच्या दिवशी ‘लिंक नाही, दुपारून या’ हे न ऐकलेला एक तरी वाचक दाखवा. तीच कटकट आता भाडे भरून घरात आणायची? आमच्या भागात गटाराच्या कामाला रस्ता खणला की केबल तुटते. या आठवड्यात पुन्हा तुटली. इंटरनेटवाला पालिकेकडे बोट दाखवतो, पालिका कंत्राटदाराकडे, आणि खड्डा आहे तिथेच. नेट नसले तरी माझ्या जुन्या लॅपटॉपवर टाइप करता येते, आणि हे पत्र तसेच लिहिले आहे. सर्व्हरवरच्या संगणकावर एक ओळ लिहिता आली नसती.

शिवाय बहुतेक घरांत टीव्ही एकच. संध्याकाळी सातनंतर सासूबाईंच्या मालिका की पोराचा अभ्यास, हा तंटा सोडवायला कुठली कंपनी येणार आहे?

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, म्हणून जुनी यंत्रे निकामी झाली असा लेखाचा सूर आहे. निकामी कशाने? जिओपीसी स्वतःच लिनक्सवर चालतो, आणि त्यात कामाला लिब्रेऑफिस दिले आहे. दोन्ही फुकट मिळतात आणि बऱ्याचशा जुन्या यंत्रांवर बसतात. मग भाडे कसले? घरी बसून श्रीलिपी या सॉफ्टवेअरमध्ये डीटीपीची कामे करणाऱ्यांना तर विंडोजच लागते. त्यांनी या सेवेकडे बघण्यात अर्थच नाही.

कंपनी मोठी आहे, ती कुठे पळून जाते, असे कोणी म्हणेल. गूगलही मोठीच आहे. दूरच्या सर्व्हरवरून खेळ पुरवणारी स्टेडिया तिने नोव्हेंबर २०१९मध्ये सुरू केली आणि १८ जानेवारी २०२३ला बंद केली. लोकांनी घेतलेल्या खेळांचे पैसे परत दिले, हे खरे. पण घरच्या हिशेबाच्या, नोकरीच्या अर्जांच्या, पोरांच्या निबंधांच्या फायलींची भरपाई पैशांत होत नाही.

तेव्हा संपादकांना विनंती की, पुढच्या रविवारी याच पानावर पाच वर्षांच्या खर्चाचा तक्ता छापावा. आणि सेवा बंद झाली किंवा ग्राहकाने पैसे भरणे थांबवले, तर त्याच्या फायली किती दिवसांत आणि कशा परत मिळतील, हे कंपनीला विचारून त्याखाली द्यावे.

— एक वाचक, डोंबिवली