पपई, ग्रहण आणि बोअरचं पाणी

बरेच दिवस झाले काही लिहून. गुडघ्याचं दुखणं आणि सोसायटीची वार्षिक सभा, दोन्ही एकदमच उपटली... असो. आज मात्र राहवेना म्हणून लिहायला बसले आहे. जरा तिखट होईल, आधीच सांगून ठेवते.

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी गेल्या महिन्यात चार दिवस आल्या नाहीत. पाचव्या दिवशी आल्या त्या डोळे सुजलेल्या. त्यांच्या सुनेला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. बाळ राहिलं नाही. ही तिची दुसरी खेप.

"दवाखान्यात काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय म्हणणार काकू, अंगावर काम काढलं असेल म्हणाले. आणि आमची म्हातारी म्हणते, ग्रहणात हिनं विळी हातात घेतली."

मी काहीच बोलले नाही. बोलणार तरी काय? १९७७ साली माझंही सातव्या महिन्यात असंच झालं होतं. तेव्हा आम्ही डोंबिवलीत चाळीत राहायचो, दोन खोल्या, मागे विहीर. नळाला पाणी आलं नाही की सगळी चाळ त्या विहिरीवर. सासूबाईंनी शोध लावला की मी शाळेतल्या डोहाळजेवणात पपईची फोड खाल्ली होती. वास्तविक मी खाल्ली नव्हती. पण पुढची कित्येक वर्षं मी मनातल्या मनात ती फोड आठवून पाहत होते, की खरंच खाल्ली होती का मी? सासूबाई वाईट नव्हत्या हो. त्यांना उत्तर हवं होतं, आणि हाताशी सापडलेलं उत्तर मी होते.

आता माझा मुद्दा ऐका. १९७७ साली पपई होती, आज ग्रहणातली विळी आहे. मधल्या काळात माणूस कुठल्या कुठे पोचला. पण या दोन्ही वेळांना आम्हाला कुणीही एक साधा प्रश्न विचारला नाही: "बाई गं, तू पाणी कुठलं पितेस?"

मावशींची सून सत्तावीस गावांपैकी एका गावात, चाळीत राहते. नळाला पाणी येतं, पण ते येतं तेव्हा. एरवी टँकर, नाहीतर चाळमालकाच्या बोअरचं. ते बोअर एमआयडीसीच्या कंपन्यांपासून चालत पंधरा मिनिटांवर.

लगेच हात वर करू नका. त्या पाण्यामुळेच बाळ गेलं असं मी म्हणत नाही. मी मराठीची बी.ए., आयुष्यभर व्याकरण आणि निबंध शिकवले. मला काय कळणार त्या पोरीचं बाळ कशानं गेलं? पण ज्यांना कळू शकतं त्यांनी विचारायला हवं होतं, एवढं मला नक्की कळतं.

आपल्या गावाची कुंडली काही गुप्त नाही. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना हवा, पाणी आणि जमीन बघून गुण दिले. सत्तरच्या वर गेलेला पट्टा 'अतिगंभीर प्रदूषित'. डोंबिवलीला मिळाले ७८.४१. माझ्या वर्गात एवढे गुण मिळवणाऱ्या मुलाला मी पेढा दिला असता! २०१४ च्या जानेवारीत इथे हिरवा पाऊस पडला. २०२० च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, तेव्हा खुद्द मुख्यमंत्री पाहायला आले. २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यांत झालेले स्फोट तर आपण घरात बसून ऐकले, काचा फुटलेल्या पाहिल्या. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. ते दिसलं, किंवा ऐकू आलं. म्हणून कॅमेरे आले, मंत्री आले, चौकशी समित्या बसल्या.

जमिनीखालून जे जातं त्याला ना रंग दिसतो ना आवाज येतो. त्याच्यासाठी कोण येणार?

एकदाच ते वर आलं. १ नोव्हेंबर २०१८, कल्याण पूर्वेला चक्की नाक्याजवळची विहीर. सफाईसाठी एक जण उतरला, तो वर येईना म्हणून दुसरे उतरले, मग अग्निशमन दलाचे जवान. पाच माणसं गेली, त्यात दोन जवान. शेजारच्या नाल्यातलं रसायनाचं पाणी विहिरीत झिरपतं असं तिथले रहिवासी सांगत होते. चार दिवस हळहळ झाली. पण नाल्यातलं पाणी एका विहिरीपर्यंत पोचत असेल, तर ते दुसऱ्या विहिरीला, तिसऱ्या बोअरला वाट विचारत थांबणार आहे का?

हे पाणी खाली चालतं कसं, हे मी माझ्या एका माजी विद्यार्थ्याकडून समजून घेतलं. तो भूगर्भशास्त्र शिकला आहे, पूर्वी माझ्याकडून शुद्धलेखनाच्या वह्या तपासून घ्यायचा. आता मी त्याच्यापुढे वही घेऊन बसले! आपल्या पायाखाली काळा पाषाण, बेसॉल्ट. वाळूतून पाणी गाळलं जातं तसं यातून गाळलं जात नाही. वर माती, मग मुरूम आणि त्याखाली खडकाच्या भेगा. पाणी भेग सापडेल तिकडे धावतं, त्यामुळे कारखान्याला लागून असलेली विहीर चांगली निघू शकते आणि लांबची खराब. बरं, सगळी रसायनं एकसारखी वागत नाहीत. काही मातीला चिकटून हळूहळू सुटत राहतात. बेन्झिनसारखी पाण्यावर तरंगतात. यंत्रांचं ग्रीस धुवायला वापरतात ती ट्रायक्लोरोइथिलीनसारखी द्रावणं पाण्याहून जड, ती खाली बसतात आणि तिथून वर्षानुवर्षं थोडी थोडी विरघळत राहतात. म्हणजे आज बोअरमध्ये येणारा थेंब तीस वर्षांपूर्वीच्या गळतीचा असू शकतो. शिवाय आपण पंप लावला की भोवतालचं पाणी आपल्याकडे ओढलं जातं. रांगेनं चाळीस इमारतींनी बोअर मारले, की लांबची घाण आपणच बोलावून आणली असं होऊ शकतं.

ठाण्याच्या मंडळींनी हसू नये. कोलशेत-बाळकुमच्या पट्ट्यात जिथे रसायनांचे कारखाने होते तिथे आता टॉवर आहेत, खाली क्लबहाउस आणि बाग. सातबारा बदलला म्हणून खालच्या पाण्याची आठवण पुसली जात नाही.

हे नुसतं आजीबाईचं भय नाही, याचे अभ्यास झाले आहेत. अमेरिकेत कॅम्प लजून नावाचा नौसैनिकांचा तळ आहे. तिथल्या पाण्यात १९५३ ते १९८७ पर्यंत अशीच द्रावणं आणि बेन्झिन होतं. सरकारी शास्त्रज्ञांनी काय करावं? भूजलाचं गणित उलटं मांडून, कोणत्या महिन्यात नळाला किती विष होतं याचा हिशेब काढला आणि तो त्या त्या महिन्यात गरोदर असलेल्या बायकांच्या बाळांशी ताडून पाहिला. आईच्या पाण्यातलं ट्रायक्लोरोइथिलीन आणि बाळाच्या मेंदूचे, पाठीच्या कण्याचे जन्मजात दोष यांचा संबंध दिसला. पुढे २०२२ साली त्या तळावरच्या लोकांना भरपाईसाठी कोर्टात जाता यावं म्हणून कायदा झाला.

पोर्तो रिको बेटावर दिवस भरण्याआधीच होणाऱ्या बाळंतपणांचं प्रमाण एके काळी पाचांत एक इतकं वाढलं होतं. तिथे २०१० पासून एक मोठा अभ्यास चालू झाला. त्यात मला सगळ्यात काय आवडलं असेल तर हे, की गरोदर बायकांना तपासणारे डॉक्टर आणि विहिरीचं पाणी तपासणारे अभियंते पहिल्या दिवसापासून एका पथकात. एक जण खडकातून रसायन कसं सरकतं ते पाहतोय, दुसरा बाईच्या लघवीत ते किती उतरलं ते पाहतोय. प्लास्टिक मऊ करणाऱ्या थॅलेट रसायनांचा आणि अकाली बाळंतपणाचा संबंध त्यांनी दाखवला.

अमेरिका लांब वाटते? मग पश्चिम बंगाल घ्या. तिथे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या बायकांच्या पाण्यात लिटरला २०० मायक्रोग्रॅमहून जास्त आर्सेनिक होतं त्यांच्यात मूल पोटातच दगावण्याचा धोका सहापट आढळला. बांगलादेशात दाकोप भागात नुसत्या खाऱ्या पाण्याचा आणि गरोदरपणातल्या वाढत्या रक्तदाबाचा संबंध सापडला. रसायन नव्हे, मीठ! खाडीकाठच्या बोअरचं मचूळ पाणी तोंडात घेतलेल्या प्रत्येकीने हे वाक्य पुन्हा वाचावं.

आता आपल्याकडे बघा. प्रजनन आणि बालआरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था परळला. पाण्याचं गणित मांडणारे आयआयटीवाले पवईला. राज्याची भूजल यंत्रणा १९७२ पासून आहे, तिच्या निरीक्षण विहिरी आहेत, नोंदी आहेत. जिल्ह्यात आशाताई दारोदार जाऊन गरोदर बायकांची नावं लिहितात. म्हणजे माणसं आहेत, वह्या आहेत, विद्या आहे. डोंबिवली फास्टने तासाभराच्या आत सगळे एकमेकांना भेटू शकतील. पण पाण्याची वही एका कपाटात, बाळंतिणीची दुसऱ्या कपाटात. मावशींच्या सुनेचं कार्ड मी चष्मा लावून दोनदा वाचलं. वजन आहे, रक्तदाब आहे, हिमोग्लोबिन आहे, लोहाच्या गोळ्या आहेत. पाणी कुठलं, हा रकाना मला दिसला नाही. आमच्या सोसायटीच्या बोअरचा रिपोर्टही मागून घेतला. क्षार, कठीणपणा, क्लोराइड, जंतू, एवढंच. द्रावणांचं नाव नाही. सेक्रेटरी म्हणाले, "काकू, पाणी ओके आहे." जे तपासलंच नाही ते ओके!

न्यू जर्सीतल्या माझ्या भाच्याला हे सगळं फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, "मावशी, बाळ जायला शंभर कारणं असतात. अशक्तपणा, साखर, रक्तदाब, तंबाखू, हवा. त्यातलं पाणी वेगळं काढणार कसं?" अरे राजा, तेच तर संशोधकाचं काम! शंभर कारणं आहेत म्हणून नव्व्याण्णव लिहायची आणि शंभरावं सोडून द्यायचं, हे कुठलं शास्त्र?

दुसरे म्हणतात, आपण उल्हास नदीचं शुद्ध केलेलं पाणी पितो, बोअरचं थोडंच पितो? तुम्ही नसाल पीत. पण पाणी बंद असतं त्या दिवशी टँकर कुठून भरून येतो, विचारलंत कधी? आणि ही द्रावणं गरम पाण्यातून वाफेबरोबर उडतात, श्वासातून जातात. अंघोळीचं पाणी म्हणून सुटका नाही.

तिसरे जरा हळू आवाजात बोलतात. असलं काही छापून आलं तर फ्लॅटचे भाव पडतील. हे कारण मला सगळ्यांत खरं वाटतं, कारण ते प्रामाणिक आहे.

आणि चौथे, ज्यांचं म्हणणं मला खरोखर जड जातं. मावशींचा मुलगा एमआयडीसीतच कामाला आहे. कंपनी बंद पडली तर घर बंद पडेल. म्हणून मी कंपन्या बंद करा असं म्हणतच नाही. मी म्हणते, मोजा. मोजल्यावर कदाचित निघेल की बोअर स्वच्छ आहे. मग तर चांगलंच! त्या पोरीच्या डोक्यावरची विळी निदान पाण्यावर न ढकलता, खरं कारण शोधायला मोकळे व्हाल.

माझं मागणं फार नाही. गरोदर बाईच्या कार्डावर एक ओळ वाढवा: पाणी नळाचं, टँकरचं, विहिरीचं की बोअरचं, आणि कुठलं. औद्योगिक पट्ट्याभोवतीच्या बोअरची वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, द्रावणांसाठी आणि जड धातूंसाठी तपासणी करा आणि आकडे वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर लावा. आणि परळ-पवईच्या विद्वानांनी ही दोन कपाटं एकदा एकत्र उघडावीत. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं वेळेआधी जन्मली, त्यातली ३० लाखांवर एकट्या आपल्या देशात. एवढ्या आयांना आपण काय उत्तर देणार आहोत? पपई?

छत्तीस वर्षं मी हजेरी घेतली. मूल गैरहजर असलं की कॅटलॉगमध्ये 'गै' लिहायचे, आणि तीन दिवस ओळीने 'गै' आला की घरी निरोप पाठवायचे. कधी ताप असायचा, कधी फी नसायची, कधी बापाने कामाला लावलेलं असायचं. कारण दर वेळी वेगळं, पण ते कळायचं, कारण 'गै' लिहिलेला असायचा. जन्मालाच न आलेल्या मुलांची हजेरी कुणी घेत नाही. मग निरोप पाठवणार कुणाला?

काल मावशी सुनेला घेऊन आल्या होत्या. चोवीस वर्षांची पोर. खाली मान घालून बसली होती. मी तिला म्हटलं, "बाळा, विळीचा काही संबंध नाही. तुझं काही चुकलं नाही." तिने पहिल्यांदा वर पाहिलं. मला हे वाक्य १९७७ साली कुणी म्हणालं नव्हतं.

मग मी तिला विचारलं, तुमच्या चाळीत अजून कुणाचं असं झालंय का? ती थोडा वेळ गप्प बसली, आणि बोटांवर मोजायला लागली...

पुढच्या रविवारी मी वही घेऊन तिच्या चाळीत जाणार आहे. सध्या एवढंच. तुमच्याकडे बोअर असेल तर त्याचा रिपोर्ट मागून बघा, आणि त्यात काय नाही ते मला कळवा.