ग्राहकानेंच सावध असावें काय?

जुनी मोटार विकत घेऊन जो गृहस्थ फसला, त्याच्याविषयीं आपल्या सुशिक्षित समाजांत सहानुभूतीपेक्षां उपहासच अधिक आढळतो. "नीट पाहून घ्यायची होती," असें त्याचे आप्तस्वकीय प्रथम बजावतात. विकणाऱ्यास मात्र कोणी कांहीं विचारीत नाहीं. लबाडी करणारा तो व्यवहारचतुर आणि विश्वास ठेवणारा तो भोळसट, हा जो न्याय आपण रूढ केला आहे, त्याचा निषेध करणें अवश्य आहे.

आम्हांसही हा न्याय मिळाला. एका विक्रेत्याकडून आम्हीं सहा वर्षें वापरलेली मोटार घेतली. मीटरवर ३८ हजार किलोमीटरांचा आकडा होता. आम्हीं बरोबर मिस्त्री नेला होता. त्यानें इंजिन तपासलें, गाडी चालवूनही पाहिली. दोन महिन्यांनीं गिअर अडूं लागले म्हणून ती कंपनीच्या वर्कशॉपमध्यें नेली, तों तेथील जुन्या नोंदींत तीच गाडी दोन वर्षांपूर्वींच ८१ हजार किलोमीटर धावल्याचें निघालें! विक्रेत्यास जाब विचारतां तो शांतपणें म्हणाला, "साहेब, जुन्या मालाला गॅरंटी नसते. तुम्हीं पाहूनच घेतलीत ना?"

ग्राहकानें सावध असावें, या जुन्या इंग्रजी सूत्राचा हाच बाजारी अवतार होय. तें सूत्र आपल्या १९३० च्या मालविक्री कायद्यांतही आलें. परंतु तें तोंडपाठ म्हणणारे त्याचे अपवाद वाचीत नाहींत. ग्राहकानें माल तपासला, तरी त्या तपासणींत जे दोष दिसावयास हवे होते, तेवढ्यांपुरतीच विक्रेत्याची जबाबदारी सुटते, असें सोळावें कलम सांगतें. मीटर मागें फिरविणें हा तर मालाचा दोषच नव्हे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें नुसतें मौन एरवीं कपट ठरत नाहीं. पण ठाऊक असलेली वस्तुस्थिति हेतुपुरस्सर झांकणें हें कपटच ठरतें. तें उघडकीस आणण्याचें काम ग्राहकाच्या मिस्त्र्याचें, असें कोणत्या शास्त्रांत सांगितलें आहे?

सर्वच विक्रेते लबाड असतात, असें आमचें म्हणणें नाहीं. उलट, या लबाडीनें प्रामाणिक विक्रेताच आधीं बुडतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकर्लोफ यांनीं १९७० सालीं जुन्या मोटारींचेंच उदाहरण घेऊन हें दाखविलें. गाडीचा खरा गुण फक्त विकणाऱ्यास ठाऊक असला, म्हणजे घेणारा सर्वच गाड्यांना बेताची किंमत देऊं करतो. त्या किंमतींत चांगल्या गाडीचा मालक ती विकीत नाहीं. आणि बाजारांत उरतो तो गाळ. २००१ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी झाले. आपण मात्र अजून ग्राहकाच्या भोळेपणालाच हंसत आहों.

"स्वस्त पाहिजे, तर धोका पत्करा," असा एक युक्तिवाद ऐकूं येतो. झीज झालेल्या वस्तूची किंमत कमी असावी, हें आम्हांस मान्य आहे. पण झीज किती झाली, हेंच खोटें सांगितलें, तर किंमत कमी कशी म्हणावी? शिवाय हा युक्तिवाद करणारी मंडळी आपली स्वतःची गाडी विकतांना पुरांत बुडाल्याची वा ठोकर बसल्याची गोष्ट सोईस्करपणें विसरतात. दलालाची नीति ही पुष्कळदां आपल्याच नीतीची प्रत असते.

१ एप्रिल २०२३ पासून केंद्र सरकारच्या नियमांनीं जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांस अधिकारपत्र आवश्यक केलें, हें ठीकच झालें. पण त्या नियमांचा मुख्य रोख मालकी व कागदपत्रें यांवर आहे. अमेरिकेनें १९७२ सालींच मीटर फिरविण्यास कायद्यानें बंदी केली व विकतांना धांव लेखी कळविणें सक्तीचें केलें. आपल्याकडेही धांव, अपघात व पूर यांविषयीं सहीचें निवेदन दिल्यावांचून गाडी विकतां येऊं नये. तोंवर ग्राहकानें तें लेखी मागावें. आणि जो फसला, त्यानें लाजून घरीं न बसतां २०१९ च्या कायद्याखालीं ग्राहक आयोगाकडे जावें. लाज वाटावयाची, तर ती दुसऱ्या पक्षास वाटली पाहिजे.